संत्र्याचा हिरवा रंग जातो कुठे?

प्रश्न : आंबिया बहाराची (ऑक्टोबरच्या सुमारास तोडणीला येणारी) संत्री आतून गोड असूनही सालीला हिरवी का राहतात, आणि पुढे तो हिरवा रंग जातो कुठे? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : गराचे पिकणे आणि सालीचा रंग पालटणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सालीतील हरितद्रव्य मोडण्यास गारवा पोषक असतो. नागपुरात ऑक्टोबरच्या रात्री तेवढ्या थंड नसल्याने साल मागे राहते, म्हणून निव्वळ रंगावरून फळ नाकारणे चुकीचेच. हरितद्रव्य नुसते विरून जात नाही. प्रथम त्याच्या रेणूच्या मध्यभागी असलेला मॅग्नेशियमचा अणू काढला जातो, मग फायटॉलची लांब शेपटी तुटते, आणि त्यानंतर एक विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या साहाय्याने रेणूचे वलयाकार कडे उघडते, तेव्हा हिरवेपणा कायमचा संपतो. उरलेले, बहुतांशी रंगहीन तुकडे पेशीतील रिक्तिकेत (द्रवाने भरलेल्या पिशवीत) साठवले जातात. वनस्पती एवढी खटपट करते, कारण एरवी प्रथिनांना जोडलेले हरितद्रव्य त्यांच्यापासून सुटे झाले, की उजेडात पेशीलाच अपाय करते. इथिलीन वायूने सालीतील ही क्रिया वेगाने घडते, मात्र त्यामुळे साल केशरी दिसू लागली, तरी गराची गोडी वाढत नाही.