मेंदूच्या लहरींची वेळ कशी जुळते?

प्रश्न : ईईजीच्या (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीच्या) रिपोर्टमध्ये अल्फा, थीटा, डेल्टा असं वेगवेगळं लिहिलेलं असतं. मेंदूत एका वेळी एकच लहर चालू असते का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : नाही. रिपोर्टमध्ये त्या वेळी ठळक दिसलेल्या लयी लिहितात; बाकीच्याही चालूच असतात. शिवाय संथ लय बऱ्याचदा वेगवान लयीची वेळ ठरवते. गाढ झोपेत हे फार स्वच्छ दिसतं. सेकंदाला एकाहून कमी वेळा येणारी एक मोठी लाट असते. ती तळाला असताना कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, पेशी जवळपास गप्प असतात, वर चढली की पुन्हा कामाला लागतात. नेमक्या त्याच सुमारास थॅलॅमसमधून, म्हणजे मेंदूच्या आत खोलवरच्या एका भागातून, ‘स्पिंडल’ नावाचा लहरींचा झुबका निघतो : 12 ते 16 हर्ट्झ (सेकंदाला 12 ते 16 लहरी), जेमतेम अर्धा ते दोन सेकंद. एपिलेप्सीच्या रुग्णांच्या मेंदूत तपासणीसाठी बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून 2015 साली आणखी एक पायरी दिसली. हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूच्या आठवणींशी निगडित भागातल्या) 80 ते 100 हर्ट्झच्या बारीक लहरी स्पिंडलच्या खोलगट भागांत गोळा होतात. दिवसभरातल्या आठवणी पक्क्या होण्यात या तिहेरी जुळणीचा वाटा आहे, असं मानतात. उतारवयात स्पिंडल लाटेच्या शिखराआधीच येऊ लागतो, आणि ज्यांच्यात ही चूक जास्त, त्यांना रात्री पाठ केलेल्या शब्दजोड्या सकाळी कमी आठवतात.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी संथ थीटा आणि वेगवान गॅमा लहरींची जोडणी मोजतोय. प्रत्येक इलेक्ट्रोडवर ती भक्कम दिसते. हे खरं असेल?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : सगळीकडे सारखीच दिसत असेल, तर आधी शंका घ्या. तुम्ही थीटाचा फेज (लाट तिच्या फेऱ्यात कुठे आहे, ते) 20 अंशांच्या 18 कप्प्यांत वाटून प्रत्येक कप्प्यातली गॅमाची सरासरी उंची काढत असाल, आणि ती किती असमान आहे यावरून जोडणीचा आकडा. पद्धत बरोबर आहे, पण गॅमाचा पट्टा वेगळा काढणारा फिल्टर अरुंद नको. थीटा 6 हर्ट्झ असेल, तर फिल्टरची रुंदी निदान 12 हर्ट्झ हवी, नाहीतर खरी जोडणीसुद्धा पुसली जाते. मग गॅमाच्या उंचीची मालिका दर वेळी वेगळ्या अंतराने सरकवून तोच आकडा 200 वेळा काढा; खरा आकडा त्यांतल्या 95 टक्के आकड्यांपेक्षा मोठा निघाला तरच पुढे जा.

एवढं करूनही एक फसवणूक नजरेतून निसटते. थीटाची लाट टोकदार असली, की ते टोकच फिल्टरला वेगवान लहरीसारखं भासतं आणि नसलेली जोडणी दिसते. म्हणून कच्चा आलेख डोळ्यांनी पाहाच. डोक्यावरून घेतलेल्या नोंदीत 20 हर्ट्झच्या वर कपाळाचे आणि जबड्याचे स्नायू मिसळतात. दात आवळलेले तुकडे काढून टाका आणि 50 हर्ट्झच्या आसपासचा पट्टा, म्हणजे विजेचा गोंगाट, गॅमात धरू नका.