वाचकांचे प्रश्न : शुगर एकदम उतरली तर

सासऱ्यांचे वय 71. एकादशीला त्यांनी सकाळची शुगरची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि दिवसभर चहा अन् मूठभर दाण्यांवर काढले. संध्याकाळी दरदरून घाम फुटला, बरळायला लागले आणि शुद्धच हरपली. शेजाऱ्यांनी तोंडात साखरपाणी ओतले, तर जोराचा ठसका लागला. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत बोलू लागले. तरीही डॉक्टरांनी दीड दिवस ठेवून घेतले. एवढे ठेवायची गरज होती का?
— एक सून, कराड

होय, गरज होती. आधी साखरपाण्याचे बोलू. शुद्धीत नसलेल्या माणसाला गिळता येत नाही. ओतलेले पाणी श्वासनलिकेत उतरते आणि शुगर सावरली तरी पुढे न्यूमोनियाचे दुखणे मागे लागते. म्हणून आधी मोठ्याने हाक मारा. माणूस उठून बसतो का, पेला स्वतः धरून एक घोट नीट गिळतो का, ते बघा. गिळत असेल तरच गोड द्या. नसेल तर तोंडात काहीही घालू नका, हिरड्यांना मध किंवा साखर चोळत बसण्यातही वेळ घालवू नका. त्यांना एका कुशीवर वळवा, कवळी असेल आणि सहज निघत असेल तर काढा आणि 108 ला फोन करून ‘शुगरचा पेशंट आहे, बेशुद्ध आहे’ एवढे पहिल्या वाक्यातच सांगा. झटके येत असतील तर दातांत चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. शुगर वाढली की उतरली हे कळत नसेल तर इन्शुलिन मुळीच देऊ नका. शुगर आधीच उतरलेली असेल तर तो डोस जिवावर बेततो.

आता मुक्कामाचे. तुम्ही गोळीचे नाव लिहिलेले नाही, पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल तर ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते आणि पोटात अन्न आहे की नाही हे तिला कळत नाही. तिचा अंमल दिवसभर टिकतो, मूत्रपिंड अधू असेल तर त्याहून जास्त. दवाखान्यात साधारण 25 टक्क्यांचे डेक्स्ट्रोज 100 मिली देतात, म्हणजे 25 ग्रॅम ग्लुकोज. माणूस लगेच डोळे उघडतो, पण तेवढे ग्लुकोज थोड्याच वेळात संपते आणि गोळी मात्र काम करतच राहते. त्यामुळे शुगर पुन्हा उतरते, बहुतेकदा घरी पोचल्यावर, रात्री, सगळे झोपलेले असताना. म्हणूनच पुढे 10 टक्के डेक्स्ट्रोजचे सलाईन चालू ठेवून तासातासाला शुगर बघतात. ‘आता बरे वाटतेय’ म्हणून सही करून पेशंटला घरी नेणे, ही या आजारातली सगळ्यात महागात पडणारी घाई. पुढच्या उपवासाच्या आधी कोणती गोळी बंद ठेवायची हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

शुद्ध असताना काय द्यावे? आमच्या घरी पेढा देतात.
— एक वाचक, परभणी

पेढा नको, चॉकलेटही नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे पोट उशिरा रिकामे होते आणि साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. शुगर 70 च्या खाली असेल तर ग्लुकोज पावडरचे 3 सपाट चमचे, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम, अर्धा पेला पाण्यात घालून द्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून 70 च्या आतच असेल तर तेवढेच परत द्या. वर आली की पोळी-भाजी किंवा दूधभात खायला घाला.

साखरही चालते, पण गोळीच्या पाकिटामागची बारीक अक्षरे वाचा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असे लिहिले असेल तर साखर आणि गूळ आतड्यात फुटायलाच वेळ लागतो. अशा घरात ग्लुकोज पावडरच हवी. आणखी एक : बोट टोचण्याआधी ते धुऊन, पुसून कोरडे करा. बोटाला ग्लुकोज पावडर लागलेली असेल तर मशीन 180 दाखवू शकते आणि खरी शुगर 45 असू शकते.

मुलगा 5 वर्षांचा, वजन 18 किलो, टाइप 1 मधुमेह. ग्लुकागॉन (शुगर वाढवणारे इंजेक्शन) घरी ठेवायला सांगितले आहे, पण हात थरथरतात.
— एक आई, डोंबिवली

ते प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळेलच असे नाही, आधीच मागवून ठेवा. डब्यात पांढऱ्या पावडरची कुपी आणि पाण्याने भरलेली सिरिंज असते. पाणी कुपीत सोडा, हलकेच फिरवून अगदी स्वच्छ होऊ द्या, परत ओढा, हवा काढा. 25 किलोच्या आत वजन असेल तर अर्धेच, म्हणजे 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचा. आधीपासून कालवून ठेवू नका. टोचल्यावर कुशीवर झोपवा, कारण उलटी होऊ शकते. 10 ते 15 मिनिटांत शुद्ध येते. मग गोड पाणी आणि पाठोपाठ खाणे द्या. हे औषध यकृतातला साखरेचा साठा बाहेर काढते. मूल दिवसभर उलट्यांनी उपाशी असेल तर साठाच नसतो, तेव्हा शिरेतून ग्लुकोज देणे हाच उपाय, म्हणून टोचतानाच दुसऱ्या कुणाला 108 लावायला सांगा. मुदत संपलेला डबा टाकून देण्याआधी त्यावरच हात बसवा.

पेनची सुई संपली म्हणून त्यातले इन्शुलिन साध्या सिरिंजने काढले, तर वडिलांची शुगर फार उतरली. डोस तेवढाच होता, 16.
— एक वाचक, मडगाव

डोस तेवढा नव्हता. लाल टोपणाची सिरिंज 40 युनिटच्या बाटलीसाठी असते. तिच्यावर 16 ची रेघ म्हणजे 0.4 मिली. नेहमीच्या पेनमध्ये दर मिलीला 100 युनिट असतात, म्हणजे वडिलांना 40 युनिट गेले, अडीच पट. पेनमधले इन्शुलिन सिरिंजने काढूच नका. 100 युनिटच्या बाटलीला केशरी टोपणाची सिरिंज लागते. सुयांचा एक जादा डबा पेनशेजारीच ठेवा.