कुत्र्याला घेऊन लळिंग चढताना

डिसेंबरातल्या एका रविवारी मी, माझा मित्र आणि आमचा तीन वर्षांचा लॅब्राडोर (वजन 28 किलो) लळिंग किल्ल्यावर जाणार आहोत. निघावं कधी आणि पाणी किती न्यावं? मित्राचं म्हणणं, वर टाकी आहेत, मग पाणी वाहायचं कशाला? (धुळे)

मित्राचं ऐकू नका. टाक्यांत पाणी असतं, पण साचलेलं. त्यात उंदरांचं नि गुरांचं मूत मिसळलं की लेप्टोस्पायरोसिसची भीती. कुत्र्याला त्याची लस दिलेली असली तरी ती रोगाच्या सगळ्याच प्रकारांवर चालत नाही.

आता हिशेब. घरी बसलेल्या कुत्र्याला दिवसभरात किलोमागे 50 ते 60 मिली पाणी लागतं, म्हणजे तुमच्याला साधारण दीड लिटर. चढ आणि ऊन धरलं तर हे सहज दुप्पट होतं. सकाळच्या तीन-साडेतीन तासांसाठी त्याचे वेगळे 2 लिटर धरा, तुम्हा दोघांचे प्रत्येकी 2. झाले सहा लिटर, म्हणजे सहा किलो. कुत्र्याचं पाणी एकाच्याच पिशवीत ठेवू नका, दोघांत वाटून घ्या. नाहीतर तो पुढे निघून जातो नि कुत्रा तहानलेला मागे राहतो. दर वीस मिनिटांनी 100 ते 150 मिली वाटीत ओता. तासभर काही न देता एकदम अर्धा लिटर पुढे ठेवलं तर घटाघटा पिऊन तो तिथेच ओकतो. निम्मं पाणी संपलं की मागे फिरायचं, मग बुरूज हाकेवर असला तरी.

वेळेचं म्हणाल तर उजाडताच पायथ्याच्या लळिंग गावातून चढायला लागा आणि साडेदहाच्या आत खाली या. खान्देशातला डिसेंबर फसवतो. सकाळी स्वेटर लागतो, म्हणून आठला चहा, नवाला निघणं असं होतं, आणि अकराला काळा दगड चांगलाच तापलेला असतो. वाटेवर सावली मोजकीच. दगडावर पालथा हात सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववला नाही तर त्याच्या पंजांनाही तो सोसणार नाही. उन्हाळ्यात तर हा विचारच नको.

पट्टा साधा, दीड-दोन मीटरचा घ्या आणि तो गळ्याला न लावता छातीच्या हार्नेसला अडकवा. आपोआप गुंडाळणारा पट्टा डोंगरावर कामाचा नाही, झुडपात अडकतो. पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, नुसता मुठीत धरायचा. समोरून ससा उठला तर 28 किलोचा झटका थेट खांद्याला बसतो. उतारावर मुरूम सुटा असतो तिथे आधी एकाने खाली जाऊन पाय रोवून उभं राहावं, मग वरच्याने कुत्रा सोडावा आणि खालच्याने धरावा. उतरताना कुत्रा तुम्हाला ओढतो, तेव्हाच घसरायला होतं. शेळ्या-मेंढ्यांचा कळप आला तर वाटेच्या बाजूला उभं राहून पट्टा आखूड करा आणि कळप जाऊ द्या. गावातली कुत्री अंगावर आली तर थांबू नका. एकाने आपला कुत्रा घेऊन चालत राहावं, दुसऱ्याने मधे चालत दगड उचलल्यासारखं वाकावं. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

नोव्हेंबरात टेकडीवरून आल्यावर आमचा कुत्रा पंजा चाटत बसला. दोन दिवसांनी बोटांच्या मधे गाठ आली आणि डॉक्टरांनी कुसळ काढलं. हे टाळता येतं का? (अमळनेर)

टाळता येतं, फक्त त्यासाठी कुसळ कसं चालतं ते कळायला हवं. कुसळी गवताचं एक बी तळहातावर घेऊन बघा. टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि मागे पीळ पडलेली लांब काळपट शेपूट. ओल लागली की तो पीळ उलगडतो आणि वाळलं की परत बसतो, त्यामुळे बी गोल फिरत राहतं. मागे वळलेले केस त्याला परतू देत नाहीत. जमिनीत बी रुजावं म्हणून असलेली ही करामत कुत्र्याच्या घामट बोटांतही तशीच चालते. आत गेलेलं कुसळ पुढे सरकत राहतं, म्हणून गाठ आज बोटात तर उद्या वरच्या बाजूला दिसते.

गवत पिकून सुटतं ते साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. या दिवसांत मळलेली पायवाट सोडू नका. मेंढ्यांनी चरून काढलेला माळ त्यातल्या त्यात बरा. जाण्याआधी बोटांमधले केस कात्रीने बारीक करा. दर थांब्याला आणि घरी आल्यावर बोटांच्या फटी, काखा, जांघा, कानाच्या पाळ्यांची आतली बाजू आणि पापण्या बघा. चिमटा, बारीक दातांचा कंगवा आणि टॉर्च एवढं पुरे. कातडीत अर्धवट घुसलेलं कुसळ सरळ, सावकाश ओढायचं. शेपूट तुटून टोक आत राहिलं तर उकरत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

कानात चिमटा कधीच घालायचा नाही. कुत्रा डोकं एका बाजूला कलवून सारखा झटकत असेल तर कुसळ कानात गेलंय, एकामागून एक शिंका देत असेल तर नाकात. दोन्ही वेळा त्याच दिवशी दवाखाना. बूट घालता येतात, पण कुत्र्याला घाम फक्त पंजांतून येतो, म्हणून बूट दर अर्ध्या तासाने काढून पंजे वारा लागू द्या. याच तपासणीत गोचीडही सापडेल. ती कातडीला चिकटून चिमट्यात धरायची आणि सरळ वर ओढायची. रॉकेल किंवा जळती काडी हे उपाय विसरा. त्याने गोचीड सुटण्याआधी पोटातलं कुत्र्याच्या रक्तात ओकते.

कुत्रा धापा टाकतोच. ऊन लागलंय हे ओळखायचं कसं? (शिरपूर)

सावलीत पाच-दहा मिनिटं बसवून धाप कमी व्हायला हवी. ती कमी होत नसेल, जीभ रुंद होऊन बाहेर लोंबत असेल, हिरड्या विटकरी लाल, लाळ चिकट आणि चालताना मागचे पाय लटपटत असतील तर ऊन लागलं. गुदद्वारात थर्मामीटर लावला तर निरोगी कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 फॅरेनहाइट येतं. 104 च्या वर गेलं तर धोका.

अशा वेळी आधी गार करायचं आणि मग गाडीकडे पळायचं. पोट, काखा, मांड्या साध्या पाण्याने भिजवा आणि टोपीने, उपरण्याने वारा घाला. ओलं फडकं अंगावर पांघरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते. तापमान 103 वर आलं की भिजवणं थांबवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. पग आणि बॉक्सरसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हातल्या चढावर नेऊच नये.

पाटणादेवीला कुत्रा नेता येईल का? (चाळीसगाव)

नाही. तो भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो आणि पाळीव कुत्रा तिथे नेता येत नाही. यावल अभयारण्याचंही तेच. कुत्र्याचा डिस्टेंपर हा संसर्गजन्य रोग कोल्ह्या-लांडग्यांना लागतो आणि बिबट्याला कुत्रा आवडतो. हद्दीबाहेरच्या डोंगरातही सूर्य मावळायच्या आत खाली या आणि पट्टा सोडू नका.

डब्यातलं त्याला काय द्यावं? (जळगाव)

कळण्याच्या भाकरीचा कोरडा तुकडा चालेल, केळ्याच्या दोन फोडीही. भरीत, शेवभाजी, ठेचा यांना त्याचं तोंड लागू देऊ नका, कारण कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुके आणि द्राक्षंही नकोत, मूत्रपिंड बिघडतं. पोटभर जेवण आदल्या रात्रीच द्या, कारण भरल्या पोटी धावल्याने मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट पिळलं जाण्याची भीती असते. सकाळी निघताना मूठभर पुरे. उरलेलं परतल्यावर, धाप पूर्ण बसून तास उलटला की.