प्रकाशाने योनीतला रक्तप्रवाह मोजायची टेस्ट करावी का?

ताई, आधी सरळ सांगते, या टेस्टसाठी पैसे भरू नका. पाळी जाऊन तीन वर्षं झाली, शुगर आहे, संबंधांच्या वेळी ओलावा येत नाही आणि दुखतं, आणि योनीत प्रोब घालून तिथला रक्तप्रवाह मोजला की दोष नेमका कळतो असं तुम्ही वाचलंत. माझं कामच अशा सेन्सरचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा, मूळ तत्त्व तेच. टॅम्पॉनएवढा प्लास्टिकचा प्रोब असतो, त्यात एक इन्फ्रारेड एलईडी आणि परत आलेला प्रकाश टिपणारा सेन्सर. योनीच्या भिंतीत रक्त भरलं की परतणारा प्रकाश बदलतो आणि दर ठोक्याला स्क्रीनवर एक लाट उठते, उत्तेजना वाढली की लाट उंच होते. सिंचक आणि गीअर या संशोधकांनी 1975 मध्ये ही पद्धत मांडली. बाई एकटी खोलीत बसते, प्रोब स्वतःच घालते, समोर उत्तेजना देणारा व्हिडिओ चालू असतो, रेकॉर्डिंग बाहेर होतं. खोकला आला किंवा नुसती मांडी हलवली तरी सिग्नल पार बिघडतो, तेवढा भाग काढूनच टाकावा लागतो.

आता खरी अडचण. आकडा येतो मिलिव्होल्टमध्ये, पण प्रोब कसा बसलाय, तुमची शरीररचना कशी आहे यावर तो बदलतो, त्यामुळे शुगरच्या रिपोर्टसारखी नॉर्मल रेंज याला नाहीच. एकाच बाईची आधीची आणि नंतरची लाट ताडून बघायला छान, संशोधनात खूप उपयोग झालाय, पण तुम्हाला एकदा मोजून 'दोष आहे' म्हणणं चूक आहे.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. नेदरलँड्समध्ये एलेन लान आणि व्हान लुन्सेन या संशोधकांनी 1997 मध्ये पाळी गेलेल्या बायकांची पाळी चालू असलेल्यांशी तुलना केली. शांत बसलेलं असताना लाटेत फरक दिसला, पण पुरेशी उत्तेजना मिळाल्यावर तो राहिला नाही! शिवाय शरीर आणि मन एकाच वेळी जागं होतं असंही नाही, संशोधक चिव्हर्स यांच्या 2010 च्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात या दोन्हींचा मेळ (1 म्हणजे पूर्ण मेळ) पुरुषांत 0.66 तर बायकांत फक्त 0.26 निघाला. म्हणजे लाट छान आली तरी तुमचं दुखणं खोटं ठरत नाही, आणि कमी आली म्हणून तुम्ही 'थंड' ठरत नाही, तसं कोणी म्हणालं तर अजिबात ऐकून घेऊ नका.

त्याऐवजी चांगल्या गायनॅककडे जाऊन तपासून घ्या. या वयात कोरडेपणा आणि दुखणं बहुतेकदा इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झाल्याने योनीचं अस्तर पातळ होऊन येतं, त्यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम असतं, पण स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. शुगरमुळे बुरशीचं इन्फेक्शनही वारंवार होतं तेही बघायला सांगा, आणि तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट (HbA1c) करून घ्या कारण ती बरीच वर्षं चढी राहिली तर नसा आणि बारीक रक्तवाहिन्या दोन्ही खराब होतात. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर तेही लपवू नका, काही गोळ्यांनी इच्छाच कमी होते, पण मनाने बंद करू नका. तोवर पाण्याच्या बेसचं लुब्रिकंट वापरा, खोबरेल कंडोमसोबत नको. दुखत असताना मन मारून संबंध ठेवू नका, त्याने स्नायू आणखी आवळतात, मिस्टरांना हे स्पष्ट सांगा. पाळी गेल्यावर रक्ताचा एखादा डागही दिसला तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.