एडिटर अपुरा पडतो तेव्हा

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

‘एज ऑफ एम्पायर्स टू’ या लढाईच्या कॉम्प्युटर गेमच्या सिनारिओ एडिटरवर (स्वतःचे नकाशे, म्हणजे मॅप, बनवायच्या साधनावर) तू वैतागला आहेस: टेकडी फार पसरते, झाडं पुसली जातात, मॅपच्या दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत. तुझा वैताग रास्त आहे. या एडिटरचा पाया १९९९ सालचा. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये (खेळाच्या नव्या आवृत्तीत) भर पुष्कळ पडली, पण ब्रशने जमीन रंगवायची रीत तीच राहिली. तरी तुझ्या तक्रारींत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. काही अडचणी एडिटरच्या आहेत, त्यांवर तोडगा निघतो. काही खेळाच्या रचनेतच आहेत, तिथे नकाशालाच जुळवून घ्यावं लागतं.

टेकडीचंच बघ. मॅप टाईलचा, म्हणजे चौकोनी घरांचा बनतो, आणि शेजारच्या दोन टाईलमध्ये उंचीची एकच पायरी चालते. सहा पायऱ्या चढवल्यास की उतार प्रत्येक बाजूला साधारण सहा टाईल पसरणारच. माथ्यावर टाऊन सेंटर (वस्तीची मुख्य इमारत, ४ बाय ४ टाईल) आणि भोवती शेतांची एक रांग (प्रत्येक शेत ३ बाय ३) हवी, तर १० बाय १० सपाटी लागते. म्हणजे पायथा २२ बाय २२ च्या घरात. १२० बाय १२० च्या छोट्या मॅपवर अशी टेकडी फार जागा खाते. आणि तेवढ्या उंचीचा लढाईत उपयोगही नाही. वरून मारलेला घाव पाव हिश्श्याने जास्त लागतो, खालून मारलेला पाव हिश्श्याने कमी. पायऱ्या वाढवल्यास म्हणून हा फायदा वाढत नाही. दोन पायऱ्या पुरेत. दुर्गमपणा हवा असेल तर तो कड्यांनी आण. कडे टाईल-टाईलने वळत नाहीत, ठोकळ्याठोकळ्याने पडतात, म्हणून वळणं मोठी ठेव. वर जायची वाट निदान पाच टाईल रुंद असू दे, नाहीतर सैन्य तोंडाशीच तुंबतं.

कामाचा क्रम मोडू नकोस: जमीन, उंची, कडे, जंगल, मग वस्तू, शेवटी ट्रिगर (‘अमुक झालं की तमुक घडव’ अशा सूचना). जंगल ही इथे जमिनीचीच एक जात आहे. त्यावरून गवताचा ब्रश फिरला की झाडं जातात. तुझं झाडांचं काम पुन्हापुन्हा वाया जातंय ते बहुधा यामुळेच. प्रत्येक टप्प्यानंतर नव्या नावाने सेव्ह करत जा.

दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत, ही तुझी तक्रार मात्र डोळ्यांची फसगत आहे. पडद्यावर टाईल उंचीच्या दुप्पट रुंद दिसते, त्यामुळे वर-खालचं अंतर कमी वाटतं. नजरेवर जाऊ नकोस, टाईल मोज. अर्धा मॅप पुरा झाला की एडिटरमधल्या मॅप कॉपीने त्याची नक्कल दुसऱ्या बाजूला लाव. नक्कल फिरवलीस तर कडे एकदा नीट तपास.

सामग्रीचं माप नेहमीच्या मॅपांवरून घे. प्रत्येक खेळाडूला आठ मेंढ्या, दोन रानडुकरं, सहा बेरीची झुडपं. सोन्याच्या तीन खाणी, सात, चार आणि चार ढिगाऱ्यांच्या. दगडाच्या दोन, पाच आणि चार ढिगाऱ्यांच्या. सोन्याच्या एका ढिगाऱ्यात ८०० सोनं असतं, दगडाच्या एका ढिगाऱ्यात ३५० दगड. एका बाजूची खाण दोन-तीन टाईल जरी पुढे सरकली तरी तिथल्या खेळाडूला भिंत लांबवावी लागते, आणि सामना तिथूनच कलतो.

दर वेळी नवा पण सारख्याच नियमांचा मॅप हवा असेल, तर एडिटर सोड आणि रँडम मॅप स्क्रिप्ट लिही. ती साधी मजकुराची फाईल असते, तिच्यातल्या नियमांवरून खेळ स्वतःच मॅप तयार करतो. त्यात आधी जमीन, मग उंची, मग वस्तू असे विभाग येतात. खेळाडूपासूनचं कमीत कमी अंतर आकड्यात देता येतं, त्यामुळे समतोल हाताने जमवावा लागत नाही.

आणि एकसारखे शेकडो ट्रिगर हवे असतील, तर ते क्लिक करत बसू नकोस. तुला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते. ‘एओई टू सिनारिओ पार्सर’ ही पायथनची लायब्ररी (तयार कोडचा संच) डेफिनिटिव्ह एडिशनची सिनारिओ फाईल वाचते आणि लिहिते, त्यामुळे ट्रिगर लूपमध्ये, म्हणजे तोच कोड पुन्हापुन्हा चालवून, तयार होतात. मूळ फाईलवर मात्र कधीच लिहू नकोस, नवी फाईल वेगळ्या नावाने काढ आणि आधी ती एडिटरमध्ये उघडते का ते बघ. खेळाचं अपडेट आल्यावर फाईलचा साचा बदलू शकतो. तसं झालं तर लायब्ररीची नवी आवृत्ती येईपर्यंत थांब.

पुढची फाईल पाठवशील तेव्हा दोन्ही टाऊन सेंटरपासून पहिल्या सोन्यापर्यंतची अंतरं टाईलमध्ये लिहून पाठव. मी आधी तेच तपासणार आहे.