बेपत्ता व्यक्तींचा तपास : संशोधनाला वाव आहे का?

प्रश्न : मी समाजकार्याची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. बेपत्ता व्यक्तींच्या तपासावर प्रबंध लिहिण्याची इच्छा व्यक्त केल्यावर ‘हा पोलिसांच्या अनुभवाचा प्रांत आहे’ असे मला सांगण्यात आले. या विषयाचा विद्यापीठीय अभ्यास कुठे होतो का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होतो, आणि त्याचा एक महत्त्वाचा प्रवाह पोलिसांच्या अनुभवातूनच निघाला आहे. स्कॉटलंडमधील ग्रॅम्पियन पोलीस दलातील जेफ गिब आणि पेनी वुलनो यांनी जुन्या प्रकरणांच्या नोंदींवरून, वय, लिंग आणि मानसिक स्थिती यांनुसार बेपत्ता व्यक्ती बहुधा किती अंतरावर व कशा ठिकाणी सापडतात याची मांडणी २००७ मध्ये केली. अशा माहितीमुळे शोध नेमका कुठून सुरू करावा हे ठरवणे सोपे जाते. वुलनो पुढे डंडी शहरातील अबर्टे विद्यापीठात अध्यापन व संशोधन करू लागल्या. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठातही या विषयावर संशोधन होते.

मला मात्र ग्लासगो विद्यापीठातील हेस्टर पार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम अधिक मोलाचे वाटते. व्यक्ती सापडली की पोलिसांची फाइल बंद होते. या संशोधकांनी तिथूनच सुरुवात केली आणि परतलेल्या प्रौढ व्यक्तींना घर का सोडले, कोणत्या वाटेने गेलात, रात्र कुठे काढली, हे शांतपणे विचारले. त्यांच्यापैकी अनेकांना आपण ‘बेपत्ता’ आहोत असे वाटतच नव्हते, तर काहींना पोलीस आपल्याला गुन्हेगार ठरवतील अशी धास्ती होती. ही माहिती कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही.

आपल्याकडे बेपत्ता बालकांच्या प्रत्येक तक्रारीवर, अपहरण किंवा तस्करी झाली असे गृहीत धरून, गुन्हा नोंदवावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिला. प्रौढांच्या बाबतीत मात्र बहुधा केवळ ‘मिसिंग’ची नोंद होते, आणि परतल्यानंतर त्यांचे पुढे काय झाले हे विचारणे कुणाच्याच कामाचा भाग ठरत नाही. आपल्या प्रबंधाने हाच प्रश्न घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. त्यासाठी पोलीस अधीक्षकांची लेखी परवानगी आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी. छळाला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रीचा ठावठिकाणा आपल्या टिपणांतून कुणाच्याही, अगदी तिच्या नातेवाइकांच्याही, हाती लागणार नाही याची व्यवस्था पहिल्या मुलाखतीपूर्वीच करावी.