शिकारीच्या बंदुकीचा टेकू मोठ्या लेन्सला चालेल का?

विट्याच्या सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: नवी 150-600 मिमीची झूम लेन्स घेतली आहे, मोटरसायकलवरून येरळवाडी-मायणीच्या तलावांवर आणि सागरेश्वर अभयारण्यात पक्षी टिपायला जातो, हातात धरून काढलेले फोटो हलतात. ऑनलाइन दुकानात शिकारीसाठीचे रायफल रेस्ट दिसले, घडीच्या दोन किंवा तीन काठ्या आणि वर दुबेळकं. बंदूक स्थिर राहते तर लेन्स का नाही राहणार? यातलं कोणतं घ्यावं?

माझं उत्तर आधीच सांगतो. त्यातलं काहीच घेऊ नका. लेन्स टेकवायला दाण्यांनी भरलेली एक चांगली पिशवी शिवून घ्या, म्हणजे ज्याला सगळे बीन बॅग म्हणतात ती. तिच्यावर दोन-तीन महिने काम करा, मग मोनोपॉडचा, म्हणजे एका पायाच्या स्टँडचा, विचार करा. ट्रायपॉड त्याच्याही नंतर.

आता कारण. शिकारी काठ्यांवर बंदूक ठेवतो ती काही क्षणांसाठी. नेम धरायचा, अर्धा श्वास सोडायचा, चाप दाबायचा, संपलं. आपलं काम तिथे सुरू होतं. लांब पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात चालत राहतो आणि आपण वीस-वीस मिनिटं त्याच्यामागे लेन्स फिरवत असतो, मध्येच एखादी टिटवी उठली तर वर उचलावी लागते. दुबेळक्यात हे जमत नाही. ते बंदुकीच्या पुढच्या निमुळत्या लाकडाच्या मापाचं असतं, आणि तुमची लेन्स त्यात बसलीच तर नेमकी झूमच्या कड्यावर बसते. म्हणजे झूम फिरवायला जागा नाही. शिवाय बाजारातल्या बहुतेक 150-600 लेन्सा 600 ला नेल्या की नळी पुढे येते आणि तोल पुढे सरकतो. दर वेळी तोल नव्याने साधायचा, तेवढ्यात पक्षी गेलेला असतो.

टेबलावर ठेवायचे जे जड लोखंडी रेस्ट दिसतात, त्यांचं बरंचसं वजन बंदुकीचा धक्का पेलण्यासाठी असतं. कॅमेऱ्याला धक्का नाही. ते ओझं मोटरसायकलवर वाहण्यात काहीच अर्थ नाही. जोडणीचाही प्रश्न आहे. बंदुकीला पट्ट्याच्या कडीत किंवा खाचांच्या पट्टीवर अडकणारे पाय लागतात, आपल्याला पाव इंची किंवा तीन-अष्टमांश इंची स्क्रू लागतो. अलीकडे अर्का-स्विस पद्धतीची, चिमट्यात झटकन अडकणारी पट्टी दोन्हीकडे वापरतात, पण ती मुळात कॅमेऱ्याच्या दुनियेतून तिकडे गेलेली आहे.

तरीही जुन्या बंदूकवाल्यांकडून शिकण्यासारखं बरंच आहे. नळी उघड्या कठीण वस्तूवर टेकवायची नाही, कारण गोळी सुटताना नळी थरथरते आणि दगडाला टेकलेली असेल तर गोळी भलतीकडे जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते पुढचं लाकूड टेकवतात आणि खाली काहीतरी मऊ ठेवतात. लेन्सचंही तेच करायचं. धरणाच्या दगडी पिचिंगवर किंवा गाडीच्या काचेवर लेन्स थेट ठेवली की शटरची बारीक थरथरही विरत नाही, फोटोत उतरते. दुसरं असं की, ते पुढे एक आणि मागे एक अशा दोन ठिकाणी आधार घेतात. आपल्याकडे पुढे पिशवी आणि मागे कपाळ. कॅमेरा कपाळाला घट्ट लावा आणि डावा हात लेन्सखाली न घालता लेन्सच्या वर, पिशवी जिथे आहे तिथे हलकेच दाबून ठेवा. हात वर ठेवायची सवय लागायला वेळ लागतो, पण फरक पहिल्या दिवशीच दिसतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, मोजके कायदेशीर अपवाद सोडून. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेणंही गुन्हा आहे. असं असताना खाकी-हिरव्या ठिपक्यांचं, बंदुकीच्या दस्त्यासारखं खांद्याला लावायचं काही घेऊन खटाव-माणच्या माळावर किंवा सागरेश्वरच्या फाटकावर उभं राहू नका. लांबून ते बंदूकच दिसतं. मेंढपाळ विचारणार, वनरक्षक थांबवणार, आणि त्यांनी थांबवलंच पाहिजे. तित्तिर आणि सशांवर टपलेले लोक आजही आहेत. जी माणसं त्यांना हटकतात, त्यांच्यामुळेच आपल्याला फोटो काढायला पक्षी उरले आहेत. आपलं सामान लांबूनही कॅमेऱ्याचंच वाटलं पाहिजे.

आता पिशवी. तयार मिळते, पण शिवून घेतलेली आपल्या लेन्सच्या मापाची होते. मिरजेत तंबोऱ्या-सतारीच्या गवसण्या शिवणारे कारागीर आहेत, जाड कापडावर त्यांचा हात बसलेला असतो. तिकडे जाणं होत नसेल तर गाड्यांची सीट कव्हर शिवणारा कोणीही चालेल. कापड जाड कॅनव्हास घ्या, जुनी जीन्सही उत्तम. ताडपत्रीचं गुळगुळीत कापड नको, त्यावर लेन्स घसरते. हवं तर फक्त तळाला लावा, तिथे ओल लागते. आकार साध्या उशीसारखा नको. मधे शिवण घालून दोन कप्पे करा, म्हणजे पिशवी खोगिरासारखी दोन्ही बाजूंना उतरते. मोटरसायकलच्या सीटवर, बांधावर, चारचाकीच्या अर्ध्या उतरवलेल्या काचेवर, सगळीकडे ती बसते. आत दुसरी, पातळ कापडाची पिशवी ठेवा आणि बाहेरच्या पिशवीला चेन लावा. चेन लेन्सच्या बाजूला येऊ देऊ नका, ओरखडे पडतात.

भरायचं काय यावर लोक फार वाद घालतात. थर्माकोलचे दाणे हलके, पण त्यावर जड लेन्स डगमगते आणि वाऱ्यात पिशवीच जागेवर राहत नाही. वाळू नको, खूप जड होते आणि शिवणीतून झिरपणारा एक कणही लेन्सच्या कड्यात गेला तर खर्च निघतो. तांदूळ छान बसतो. मला स्वतःला हुलगा जास्त आवडतो, दाणा टणक आणि चपटा असतो, लेन्सभोवती मुरतो आणि मग हलत नाही. धान्याला दोन शत्रू, पाणी आणि किडे. भिजलं तर फुगतं, बुरशी येते, म्हणून पावसाळ्यात आतली पिशवी प्लास्टिकची करा किंवा प्लास्टिकचे कडक दाणे भरा. उन्हाळ्यात एकदा धान्य काढून उन्हात वाळवा. आणि पिशवी कधीही गच्च भरू नका. पाऊण भरली की पुरे. गच्च पिशवीवर लेन्स गडगडते, सैल पिशवीत रुतून बसते. दूरच्या प्रवासाला रिकामी न्या, तिथल्या किराणा दुकानातून दोन-अडीच किलो काहीतरी भरा.

तुमच्या वापरासाठी मोटरसायकल हाच मोठा फायदा आहे. माळावर गाडी मधल्या स्टँडवर लावा, इंजिन बंद करा, सीटवर पिशवी टाका आणि गाडीच्या आडोशाला गुडघ्यावर बसा. उभ्या माणसाला धाविक आणि चंडोल जितके बिचकतात तितके थांबलेल्या गाडीला बिचकत नाहीत. साइड स्टँडवर गाडी डुलते, म्हणून मधलाच स्टँड.

येरळवाडीला पाणी ओसरलं की कडेला चिखल उघडा पडतो आणि पाणपक्ष्यांचा चांगला फोटो त्यांच्या डोळ्याच्या उंचीवरून येतो, म्हणजे आडवं पडावं लागतं. तिथे एक जुनी, काठ असलेली परात न्या. परातीत पिशवी, पिशवीवर लेन्स. परात चिखलावर हळूच पुढे ढकलता येते, पिशवी कोरडी राहते, आणि लेन्स चिखलापासून चार बोटं वर असते. यासाठी बाहेर तव्याच्या आकाराची महागडी उपकरणं मिळतात, काम तेच करतात. चिखल खोल वाटला तर मात्र पुढे जाऊ नका.

सागरेश्वर वेगळं आहे. तिथे चढउतार आहे, झाडी आहे, सांबर किंवा चितळ दिसलं तर उभ्यानेच फोटो घ्यावा लागतो आणि पिशवी ठेवायला जागा नसते. तिथे मोनोपॉड हवा. घेताना तो तुमच्या डोळ्यापर्यंत पूर्ण उंच होतो का बघा, उतारावर आणखी थोडी उंची लागते. पकडी पिळायच्या घ्या किंवा खटक्याच्या, पण हातमोजा घालून एका हाताने उघडता आल्या पाहिजेत. वर फक्त पुढे-मागे झुकणारं साधं हेड (लेन्स बसवायचा वरचा जोड) बसवा, सगळीकडे फिरणाऱ्या बॉल हेडवर जड लेन्स बाजूला कलंडते. आणि मोनोपॉड लेन्सच्या पायाला, म्हणजे लेन्सखालच्या कड्याच्या पट्टीला, लावायचा, कॅमेऱ्याच्या तळाला कधीच नाही. दोन किलोची लेन्स माउंटवर, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या जोडावर, लोंबकळत ठेवणं घातक आहे.

ट्रायपॉड आणि गिंबल हेड (जड लेन्स तोलून सगळीकडे फिरवणारा जोड) एका जागी तासन् तास बसणाऱ्यासाठी आहे. तुम्ही फिरता, म्हणून सध्या नको.

कोणताही टेकू करू शकत नाही अशा दोन गोष्टी आहेत. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) छोटा, 1.5 पट क्रॉपचा असेल तर 600 ची लेन्स 900 सारखी वागते, म्हणून हातात धरून शटरचा वेग 1/1000 सेकंदापेक्षा कमी ठेवू नका. पिशवीवर तुम्ही 1/250 लाही स्थिर राहाल, पण चालणारा शेकाट्या राहणार नाही. त्याच्यासाठी 1/800 तरी ठेवाच. लेन्समधली कंपनरोधक सोय तुमचा हात सावरते, पक्ष्याची हालचाल नाही. दुसरी गोष्ट उन्हाची. फेब्रुवारीनंतर माणच्या माळावर ऊन चढलं की जमिनीवरची हवा लहरते आणि दूरचा पक्षी मऊसर दिसतो. लोक याला लेन्सचा दोष समजून दुकानदाराशी भांडतात. त्यावर उपाय एकच, सूर्य उगवायच्या आत पोचणं आणि जवळ जाणं. मात्र घरटं असेल तर जवळ जाणंही नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की तिथून उठायचं.

पिशवी शिवायला देण्याआधी तुमच्या लेन्सच्या पायाची लांबी-रुंदी आणि लेन्स 600 ला असताना तोल नेमका कुठे येतो ते पट्टीने मोजून इथे लिहा. पाय लांब असेल तर तो आडवा फिरवून लेन्सची नळी पिशवीवर टेकवायची की पायच टेकवायचा, ते त्यावर ठरेल आणि मधल्या शिवणीचं मापही त्यानुसारच देता येईल.